गुरुलिंगआप्पांची रविवारची फेरी

आमचे घरमालक गुरुलिंगआप्पा एका ज्यूस सेंटरला भितात.

ज्यूसला नाही. मोसंबीचा रस ते आवडीनं पितात, वर चिमूटभर मीठ मागून घेतात. पण बीडच्या बाजारात सलीमभाईंचं ज्यूस सेंटर जवळ आलं की आप्पा बोलणं थांबवतात, कमरेत वाकतात आणि भिंतीला धरून, एखाद्या खिडकीखालून सटकावं तसे पलीकडं जातात. तिथं खिडकी नाही. तिथं मोसंब्यांची रास, एक मिक्सर आणि हातात अननस घेतलेल्या कुठल्याशा नटीचा फोटो आहे. 'पण होती,' आप्पा माझ्या कानाशी येऊन सांगतात. 'निजामाचा नाका होता हितं. आत जमादार बसायचा. हळू बोला बाई, त्याचे कान लई तिखट.'

सलीमभाईंना हे सगळं पाठ आहे. मोसंबी सोलता सोलता, मान वर न करता ते दरडावतात, 'कौन है रे उधर?'

'मुसाफिर हाय, साहेब.'

'थैले में क्या है?'

'कोथिंबीर.' आप्पांना खोटं बोलवत नाही. निदान कोथिंबिरीच्या बाबतीत तरी.

'जाव!'

मग आप्पा कंबर सरळ करतात, सुटकेचा श्वास टाकतात, माघारी फिरून काउंटरशी येतात आणि म्हणतात, 'एक मोसंबी दे बाबा. बरफ नको.'

मी मूळची नेकनूरची. बीडला एका शाळेत चित्रकला शिकवते आणि आप्पांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खोली बघायला आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला होता, 'नळाला पाणी कधी येतं?' आप्पा म्हणाले, 'सांगतो. आधी डोळे मिटा.' मी मिटले. 'आता हितं घर न्हाई,' आप्पांचा आवाज आला. 'बाभळी हायत. बाभळीखाली एक टांगा सोडलेला हाय. घोडं चंदी खातंय. टांगेवाला टांग्यातच झोपलाय, अन् लांबून कोणतरी पळत येतंय...' डोळे उघडले तेव्हा मी पाण्याचं विचारायला विसरले होते. नळाला पाणी कधीतरीच येतं, हे मला राहायला आल्यावर कळलं. तोवर सामान वर चढलं होतं.

दर रविवारी सकाळी आप्पा लोकांना गाव दाखवतात. त्याला ते फेरी म्हणतात. फुकट असते. विषय एकच, रझाकारांच्या वेळचं बीड. देश स्वतंत्र झाला होता, आपण मात्र अजून निजामाच्या राज्यातच होतो. गावोगाव रझाकारांच्या टोळ्या हिंडत होत्या. आणि मग हिंदुस्थानची फौज आली, त्या कारवाईला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून नुसतं 'ॲक्शन' म्हणतात. त्या दिवसांतलं शहर आप्पा दाखवतात. दाखवतात म्हणजे काय, त्यातलं काहीच आता जागेवर नाही. आप्पांची त्याला हरकत नसते. धोतर, पांढरा सदरा, पायात मुलानं आणून दिलेले जांभळ्या पट्ट्यांचे बूट आणि हातात कापड मोजायचा लोखंडी मीटर, अशा थाटात ते पुढं चालतात आणि मीटरच्या टोकानं हवेत दाखवत राहतात. 'हा बुरूज. हे तहसिलीचं जोतं. ह्यो घोड्यांचा तबेला.'

तबेल्याच्या जागी ब्यूटी पार्लर आहे. घोडे बांधायची कडी अजून आतल्या भिंतीत आहे असं आप्पांचं म्हणणं. एकदा शाळेच्या सहलीला ती दाखवावी म्हणून त्यांनी मीटरनं दार ठोठावलं. दार उघडलं आणि तोंडाला पांढराफेक लेप लावलेली, एका डोळ्यावर काकडी चिकटवलेली एक बाई बाहेर आली. अर्धी सहल किंचाळत पळाली. आप्पा शांतपणे उरलेल्या अर्ध्या सहलीला म्हणाले, 'तेव्हा बी असंच घाबरून पळायचे.'

मीटर दुकानातला. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, ते आता मुलगा महेश बघतो. आप्पांनी दुकान सोडलं नाही. दुकानातून त्यांना हळूच उठवलं गेलं. ब्लाऊजपीस घ्यायला आलेल्या बाईला ते आधी कापडबाजार लुटला त्या दुपारची गोष्ट सांगायचे. गोष्ट अशी रंगायची की बाई डोळे पुसत निघून जायची आणि ब्लाऊजपीस तसाच राहायचा. महेशनं काचेच्या मागं साड्या नेसवलेले पुतळे उभे केले. आप्पा म्हणतात, 'माझ्या जागेवर ठेवलेत त्यानं. बोलत न्हाईत म्हणून.'

आप्पा बोलतात ते सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं. 'मी उभा होतो ना हितं. धुरळा असा उठलेला.' एकदा दुसऱ्या ओळीतल्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, 'आजोबा, तुम्ही तेव्हा केवढे होता?'

आप्पांनी मीटर काखेत मारला. 'पाळण्यात,' म्हणाले. 'पण डोळे उघडे होते.'

आणि इतिहास म्हणाल तर एका रविवारचा दुसऱ्याशी जुळायचा नाही. जमादाराचं घोडं कधी पांढरं, कधी काळं. कुणी हटकलं तर, 'त्या दिवशी पांढरं थकलं होतं.' टांगेवाल्याचं नाव कधी उस्मान, कधी लालू. नदीपलीकडं पळून गेलेली माणसं कधी जामखेडच्या वाटेनं जायची, कधी बार्शीच्या. मी चित्रकलेची बाई, इतिहासाची नाही. पण मलाही ते खटकायचं. गावातली म्हातारी माणसं तर भांडायला यायची. 'आप्पा, कावून थापा मारता? माझी आजी सांगायची, नाका तिकडं होता, पिंपळाखाली.' आप्पांचा चेहरा उजळायचा. ते त्या माणसाला धरून कुठल्यातरी हॉटेलात चहाला न्यायचे आणि विचारायचे, 'असं का? अजून काय सांगायची आजी? कुठल्या बोळात राहायची?' मला वाटायचं, काय हा माणूस! चोरी पकडली गेली की एवढा आनंद कुणाला होतो?

पण खरं सांगते, त्या फेरीत एक गुंगी होती. आप्पा चौकाच्या मधोमध सगळ्यांना उभं करून 'डोळे मिटा' म्हणायचे. आम्ही मिटायचो. मोटारसायकली अंगावरून जायच्या. 'कावून झोपलेत बे हे सगळे रस्त्यात?' म्हणून कोणीतरी ओरडायचं. पण आप्पांचा आवाज सुरू झाला की हळूहळू हॉर्न लांब जायचे. आधी वास यायचा, ओल्या चामड्याचा, रॉकेलच्या कंदिलाचा. मग कुठंतरी दार ओढून घेतल्याचा आवाज. मग एक गल्ली, जिच्यात कोणीच नाही, पण प्रत्येक दारामागं माणूस श्वास रोखून उभं आहे. आप्पा इतकं हळू बोलायचे की आपणच ते आठवतो आहोत असं वाटावं. डोळे उघडले की समोर रिचार्जचं दुकान, एटीएम, केळ्यांचा गाडा. आणि थोडा वेळ तेच खोटं वाटायचं. कुणीतरी पडद्यावर रंगवून ठेवल्यासारखं, वारा आला तर हलेल असं.

अशीच एकदा फेरी बाळाभाऊंच्या कानावर गेली. बाळाभाऊ म्हणजे आमच्या भागातलं तरुण नेतृत्व. निदान त्यांच्या फलकांवर तसं लिहिलेलं असतं. ते घरी आले, आप्पांच्या पाया पडले आणि म्हणाले, 'आप्पा, यंदा मुक्तिदिनाला तुमची फेरी मोठी करू. अख्खं गाव आणतो. तुमी फक्त बोला.'

आप्पा हरखले. आठवडाभर बूट पुसत होते. मला म्हणाले, 'बाई, अख्खं गाव आलं तर त्यात कोणाला न् कोणाला काहीतरी ठावं असणारच.' मला वाटलं, कौतुकाबद्दल बोलताहेत.

मुक्तिदिनाच्या सकाळी झेंडावंदन झालं आणि फेरी निघाली. पुढं टेम्पोवर स्पीकर, मागं फेटे, झेंडे, मोबाइल वर धरलेले हात. आप्पांच्या गळ्यात झेंडूचा हार आणि हातात माइक. ते माइकमध्ये सुद्धा हळूच बोलत होते, त्यामुळं कुणाला काही ऐकू जात नव्हतं. 'डोळे मिटा' म्हणाले तेव्हा पुढच्या दोन ओळींनी मिटले, मागच्यांनी घोषणा दिली. ज्यूस सेंटर आलं. सलीमभाईंनी गर्दीसाठी पाण्याचे ग्लास मांडून ठेवले होते. आप्पा सवयीनं वाकले. सलीमभाईंचं तोंड उघडलं, मग त्यांनी गर्दीकडं बघितलं आणि मिटलं. त्या दिवशी 'कौन है रे' आलं नाही. आप्पा तसेच वाकून थोडा वेळ वाट बघत राहिले आणि मग उगाच सरळ झाले.

नदीकडं उतरणाऱ्या एका अरुंद बोळाच्या तोंडाशी बाळाभाऊंनी टेम्पो थांबवला. बोळात पाच-सहा घरं, सगळी मुसलमानांची. सलीमभाईंचं घरही तिथंच. एका दारात पोर खेळत होतं, त्याला कुणीतरी आत ओढलं. दारावरचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

'आप्पा,' बाळाभाऊ माइकवर म्हणाले, 'आता लोकांना सांगा. ह्यातली रझाकारांची घरं कोणती? दाखवा एकदा.'

सगळे मोबाइल आप्पांकडं वळले. मी गर्दीच्या कडेला होते. गुंगीबिंगी काही उरली नव्हती. माणसं वाईट नव्हती. त्यातली निम्मी माझ्या ओळखीची, माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप. पण ती नुसती बघत नव्हती, वाट बघत होती. सलीमभाई पाण्याचं ताट घेऊन मागं मागं आले होते. ताटातले ग्लास एकमेकांवर हलकेच वाजत होते.

आप्पा बोळाकडं बघत राहिले. दारामागून दार, नजर एकेका उंबऱ्यावर टेकवत. मग माइक खाली करून म्हणाले, 'चला. दाखवतो.'

आणि उलटे फिरले. गर्दी गोंधळली, पण मागून आली. आप्पा बाजारातून, चौकातून, मारुतीच्या देवळावरून नेत नेत आमच्या गल्लीत आले आणि आमच्याच घरासमोर थांबले. वर गॅलरीत माझे कपडे वाळत होते. आप्पांनी मीटर उचलून दरवाज्यावर टेकवला.

'हे घर.'

'आप्पा, हे तुमचं हाय,' बाळाभाऊ हसले.

'मग? माझंच. खबर हितून जायची. कोण कुठं लपलंय, कोणाच्या घरात धान्य हाय, सगळं. माझा आजा पोचवायचा. घ्या फोटो.'

कोणीच फोटो घेतला नाही. टेम्पोवाल्यानं काय करावं ते न सुचून देशभक्तीचं गाणं लावलं. गाण्याच्या आवाजातच माणसं पांगली. दुकान उघडून बसलेला महेश धावत आला. 'आप्पा, हे काय बोललात तुमी? गावासमोर?'

'बोललो ते बोललो,' म्हणून आप्पा आत गेले. गळ्यातला हार तसाच.

पुढचे दिवस वाईट गेले. दुकानात येणारी माणसं कापडापेक्षा महेशकडंच जास्त बघायची. नातेवाइकांचे फोन यायचे आणि न बोलता बंद व्हायचे. सिरसाळ्याचे चुलतभाऊ तर एका दुपारी स्वतःच आले आणि उभ्यानं ओरडले. वर माझ्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता. 'लाज वाटू दे गुरुलिंग! आपला आजा खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून खेडोपाडी हिंडायचा. त्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पोलिस दिसला की वाट बदलायचा. तो खबऱ्या? अन् हे घर तर तूच बांधलंस, तेव्हा हितं बाभळी होत्या!'

'होय,' आप्पा म्हणाले.

'मग त्याच्या नावाला काळं कावून फासलंस?'

'तो माझा आजा हाय. मेलाय. समजून घेईल.'

चुलतभाऊ चहा न घेता गेले. मी खाली उतरले. आप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. मग ते जे बोलले ते कुठल्याच फेरीत सांगितलेलं नव्हतं.

'बाई, मी खरंच पाळण्यात होतो. अंगात ताप होता. घरच्यांना हद्दीपार पळायचं होतं, अन् मी रडायचा थांबत नव्हतो. नाक्यावर पोराचं रडणं ऐकू गेलं असतं तर सगळेच धरले गेले असते. आईनं मला वाटेवरच्या एका बाईपाशी ठेवलं. मुसलमानाची बाई. तिचं स्वतःचं लेकरू अंगावर पीत होतं. चार दिवसांत येते म्हणून आई गेलती, ती आली थेट ॲक्शन झाल्यावर. तवर त्या बाईनं मला पाजलं. आई आली तर मी आईकडं जाईना म्हणं.'

'मग?'

'मग ॲक्शननंतर उलटे वारे वाहिले. ते तुमाला ठावं हाय. काल ज्यांना भ्यायचे ते आज भिऊ लागले, अन् ज्यांचा कशात हात नव्हता ते बी. एका सकाळी त्या घराला कुलूप. कुठं गेले, जगले का मेले, कोणी विचारलं न्हाई. आमच्यात तर बोलायचीच चोरी. लिंगायताच्या पोरानं मुसलमान बाईचं दूध पिलं, हे कोण सांगणार? आईनं मला सांगितलं ते अंथरुणाला खिळल्यावर. मी विचारलं, नाव काय तिचं? म्हणाली, भाबी. तिला बी नाव म्हाईत नव्हतं.'

'आणि घर?'

'त्या बोळात होतं, एवढंच. कोणतं, ते आईला सांगता आलं न्हाई. म्हणून तर फेरी, बाई. खरं सांगितलं की माणसं माना हलवून घरी जातात. चुकीचं सांगितलं की भांडाया येतात. भांडता भांडता एखादा म्हणंल, माझी आजी सांगायची, एका घरात एक लिंगायत वाण्याचं पोर ठेवलं होतं...' ते थांबले. 'कोणी म्हणलं न्हाई अजून.'

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

'आता बाळाभाऊ म्हणतो, घर दाखवा,' आप्पा म्हणाले. 'कोणतं दाखवू? त्यातलं एक तिचं हाय.'

त्यानंतर रविवार आले आणि गेले. फेरीला कोणी येईना, आप्पाही बाहेर पडेनात. दिवसभर खुर्ची टाकून दारात बसायचे, कोणाला डोळे मिटा म्हणायचे नाहीत. महेश पुतळ्यांच्या साड्या बदलायला तरी दुकानात चला म्हणाला, नको म्हणाले. शेवटी एका रविवारी मीच त्यांचे बूट समोर ठेवले. 'चला आप्पा. मला तो बोळ नीट बघायचा आहे.'

मीटर न घेता ते उठले. आम्ही हळूहळू गेलो. पावसाळा सरत आला होता, पण ऊन कडक होतं. त्या उन्हात भिंती, पत्रे, वाळत घातलेल्या चादरी, सगळं किंचित तरंगल्यासारखं दिसत होतं. बोळात कोणी नव्हतं. एका घराच्या ओट्यावर शिलाई मशीन मांडून, चष्मा नाकावर घेतलेली एक पन्नाशीची बाई साडीला फॉल लावत होती. मशीन खडखडत होतं. आप्पा एका दाराशी थांबायचे, मग दुसऱ्या. बाईनं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, 'किसका घर ढूंढ रे, चचा?'

मला वाटलं, आता गोष्ट सुरू होणार. पण आप्पा म्हणाले, 'म्हाईत न्हाई.'

'नाम तो होगा कुछ?'

'नाव बी न्हाई म्हाईत.'

बाईनं चष्मा कपाळावर ढकलला. 'तुमीच ना वो, उस दिन आपनेच घर को आगे करे सो?'

आप्पांनी मान खाली घातली, चोरी पकडली गेल्यासारखी.

'मैं तो परळी की,' ती म्हणाली. 'शादी होके आई. पुराना कुछ मालूम नै मेरेकू. बैठो पर. धूप लई है.'

तिनं ओट्यावरचे कपडे सरकवून जागा केली. आतून पाणी आणलं, मग दोन कप चहा. आप्पांनी चहा बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. 'साखर बेतानं पडलीय,' म्हणाले. ती हसली आणि पुन्हा मशीनवर बसली. कुठंतरी कोंबडी आरवल्यासारखी ओरडत होती. थोड्या वेळानं मी आप्पांकडं बघितलं तर ते चौकटीला टेकून झोपले होते. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर मोकळे. त्या बोलक्या चेहऱ्यावर इतकं काहीच नसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

बाईनंही बघितलं. तिनं मशीन थांबवलं.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी एक गिऱ्हाईक आलं, घाईत. 'झाली का साडी? मला चौसाळ्याची गाडी गाठायची हाय.'

बाईनं हातानंच तिला गप्प राहायला सांगितलं. ऊन ओट्यावर सरकत आप्पांच्या चेहऱ्यापर्यंत आलं होतं. तिनं मशीनवरची ती साडी उचलली, अर्धा फॉल लोंबता, टाचण्या तशाच टोचलेल्या, आणि वरच्या तारेवर अशी पसरली की सावली बरोबर त्यांच्या तोंडावर पडावी. चौसाळ्याची बाई काहीतरी म्हणणार होती. तिनं एकदा आपल्या साडीकडं बघितलं, एकदा साडीखालच्या म्हाताऱ्याकडं, आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी ओट्यावर बसून राहिली.